बारमाही सायकल आणि दोन वस्त्रे

पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत असत. त्या काळी सायकलस्वाराचा असा काही निराळा पोशाख नव्हता. कचेरीत, कॉलेजात किंवा पेढीवर जे कपडे घालून जायचे तेच घालून माणूस सायकलवर बसे. पाटलोणीचा पाय साखळीत अडकू नये म्हणून घोट्यापाशी एक पत्र्याची क्लिप लावली, थंडीत स्वेटर-मफलर चढवला आणि पावसाळ्यात गुडघ्याखाली येणारा रबरी रेनकोट घातला की तयारी झाली. आता दोन-तीन दशकांच्या खंडानंतर सायकल काही प्रमाणात परत येऊ लागली आहे आणि तिच्याबरोबर तिचा बाजारही आला आहे. सायकलच्या मोठ्या दुकानात जॅकेटांची एक पूर्ण भिंत असते. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडे आणि आकड्यांखाली बर्फाच्छादित डोंगराचे चित्र. पुण्याच्या गिऱ्हाइकाने त्या डोंगराशी आपला संबंध काय हे विचारायचे असते. बहुतेक जण किंमत विचारतात.

रविवार पेठेत कापडाची ठोक पेढी चालविणारे एक जैन गृहस्थ बिबवेवाडीहून पेढीवर सायकलने जातात. वय साठीच्या पुढे. अंतर पाचेक किलोमीटर. पेठेत मोटार उभी करायला जागा नाही, दुचाकीवर व्यायाम नाही, म्हणून सायकल, इतके साधे कारण ते सांगतात. पण आणखी एक कारण त्यांच्या रोजच्या आचारात आहे. ते सकाळी चौदा नियम धारतात. त्या दिवशी किती द्रव्ये खायची, किती वस्त्रे वापरायची, कोणत्या दिशेला किती जायचे, वाहने किती, याची मर्यादा उठल्यावरच ठरवायची आणि संध्याकाळी ती पाळली गेली का हे तपासायचे. वाहनाच्या खान्यात सायकल एक एवढे धारले की त्यांना हलके वाटते. वस्त्राच्या खान्यात मात्र अडचण येते, कारण सायकलस्वारांची आजची शिकवण ‘थरावर थर घाला’ अशी आहे: आत घाम शोषणारा एक, मधे ऊब देणारा एक, बाहेर वारा-पाऊस अडविणारा एक. तीन थर म्हणजे तीन वस्त्रे. जो माणूस वस्त्रे मोजून वापरतो त्याला प्रत्येक थराने आपली गरज सिद्ध करून दाखवावी लागते. या गृहस्थांची जॅकेटाची निवड इतकी लांबली, आणि इतकी चांगली झाली, त्याचे श्रेय या मोजणीला द्यावे लागेल.

आधी त्यांचा रस्ता पाहू. बिबवेवाडी उंचावर आहे, पेठा नदीच्या बाजूला सखल भागात. म्हणजे सकाळी उतार आणि रात्री चढ. सकाळी पूजा आटोपून, नवकारशी पारून ते निघतात तेव्हा पायांना श्रम जवळजवळ नाहीत आणि वारा मात्र समोरून पुरेपूर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. दहा अंशांच्या हवेत ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा अंगावर घेतला तर कातडीला ती हवा सात अंशांसारखी वाटते. रात्री याच्या उलट. सूर्यास्तापूर्वी पेढीवरच डबा खाऊन चौविहार करायचा, साडेसातच्या सुमारास कुलूप लावायचे आणि मग चढ. हवा गार असली तरी पाच मिनिटांत कानामागून घाम येऊ लागतो. एकाच दिवसात, एकाच रस्त्यावर, त्याच माणसाला सकाळी वारा अडवणारे आणि रात्री घाम सोडणारे वस्त्र लागते. जॅकेट घेणाऱ्या प्रत्येकाने दुकानात जाण्याआधी आपला रस्ता असा दोन्ही बाजूंनी आठवून पाहावा. चिठ्ठीवरच्या आकड्यांपेक्षा चढ कोणत्या वेळी लागतो याला अधिक महत्त्व आहे.

वर्षाचे चक्रही तसेच. मार्च-एप्रिलमध्ये जॅकेटाची गरजच नाही; एप्रिलच्या दुपारी पारा ३८ च्या आसपास असतो. मग एखाद्या संध्याकाळी कात्रजच्या बाजूने आभाळ भरून येते, धुळीचा लोट उठतो आणि वळीव कोसळतो. अर्ध्या तासात हवा दहा अंशांनी उतरते. जून ते सप्टेंबर पुण्यात पाऊस पडतो तो बहुतांशी रिमझिम. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या या शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस होतो. घाटमाथ्यावर लोणावळ्याला त्याच्या कितीतरी पट. ऑक्टोबरात ऊन, आणि त्यातच परतीचा पाऊस, तोही नेमका दुकाने बंद होण्याच्या वेळी. मग दिवाळी आणि थंडी.

दिवाळीलाच त्यांची मुलगी आली. ती हॉलंडात, आइंडहोव्हनला नोकरी करते आणि तिथल्या इतर लोकांप्रमाणे बारा महिने सायकलने कामावर जाते. त्या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत आणि पाऊस वर्षाच्या कोणत्याही महिन्यात, दिवसाच्या कोणत्याही प्रहरी येऊ शकतो. त्यामुळे जॅकेट हा तिथे चैनीचा विषय उरलेला नाही. पप्पा या वयात थंडीत सायकल चालवतात, मागच्या वर्षी त्यांना महिनाभर खोकला होता, हे तिच्या मनात होते. तिने वडिलांसाठी एक जॅकेट आणले. निळे, कापसासारखे हलके, मुठीत मावेल असे. घरातल्या सर्वांनी ते हातात घेऊन पाहिले. गृहस्थांनी प्रथम आतली शिवण उलटून कापडाची चिठ्ठी वाचली. चाळीस वर्षे कापडात घालविलेल्या माणसाची ती सवय. बाहेरचे कापड नायलॉन, अस्तर नायलॉन, आणि भरण: ९० टक्के डाऊन, १० टक्के पिसे.

“डाऊन म्हणजे काय?” त्यांनी विचारले.

मुलीने सांगितले. बदकाच्या किंवा हंसबदकाच्या पोटाखालचा, पिसांच्या आतला मऊ लव. त्याला पिसासारखा ताठ दांडा नसतो. बारीक तंतूंचा एक फुलोरा असतो आणि त्यात हवा कोंडून राहते. ऊब त्या कोंडलेल्या हवेची. मग ती थोडी थांबून म्हणाली, “पप्पा, मी बघून घेतलंय. जिवंत पक्ष्याचे पंख ओरबाडत नाहीत असा दाखला आहे याला. मांसासाठी मारलेल्या पक्ष्याचंच घेतात. नाहीतर ते फुकटच जायचं.”

तिने खरोखरच पाहून घेतले होते. असा दाखला देणारे एक मानक २०१४ पासून अस्तित्वात आहे आणि त्यात जिवंत पक्ष्याचे पंख उपटणे व त्याला बळजबरीने खाऊ घालणे या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. परक्या देशात राहून, दुकानात उभे राहून, एवढा विचार करणारी मुलगी आपल्या घरात वाढली याचा त्यांना आनंदच झाला असणार. पण ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी जॅकेट घडी करून कपाटात गेले.

दोन दिवसांनी बाप-लेकीत जे बोलणे झाले ते धर्माच्या परिभाषेत कमी आणि पेढीच्या परिभाषेत अधिक झाले. त्यांचे म्हणणे असे. कोणत्याही कारखान्यात मुख्य मालाबरोबर काही उप-उत्पादन निघते. सरकी दळली की तेलाबरोबर पेंड निघते. पेंड विकून आलेले पैसे हिशेबनीस कुठे धरतो? मुख्य मालाच्या उत्पादनखर्चातून वजा करतो. पेंडीला भाव आला की तेल स्वस्तात विकणे परवडते. मग पिसांना भाव आला की काय स्वस्त होते? जो पिसे विकत घेतो तो पक्षी मारण्याच्या खर्चातला काही भाग उचलतो. रक्कम लहान असेल, पण वहीत ती त्याच बाजूला पडते. “फुकट जाणारी वस्तू कुणी किलोच्या भावाने विकत नाही, बेटा,” एवढेच ते म्हणाले. कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार आपण प्रतिक्रमणात रोज उच्चारतो. त्यातला तिसरा कोणत्या वाटेने घरात येतो हे त्यांनी मुलीला जमाखर्चाने दाखविले.

मुलीला वाईट वाटले. वाटणारच. ते जॅकेट परत घेऊन जाणे तिला शक्य होते. पण तिथे नेऊन तरी काय करायचे? आईने वेगळा विचार मांडला. “पक्षी तर गेला. आता त्याची ऊब तरी कुणाच्या कामी येऊ दे.” सोसायटीच्या फाटकावर रात्रभर बसणारा रखवालदार जानेवारीत शेकोटी करून बसतो. त्याला असा काही नियम नाही. आईने ते जॅकेट त्याला दिले. गृहस्थांनी दिले नाही, आणि अडविलेही नाही. देणे म्हणजे अनुमोदना की करुणा, यावर घरात आजही दोन मते आहेत आणि ती तशीच राहतील असे दिसते.

येथे कुणी म्हणेल की मग लोकरीचे काय? लोकरही प्राण्याचीच. परंतु आपल्या परंपरेने लोकर वर्ज्य मानलेली नाही. साधु-साध्वींचा ओघा लोकरीचा, कांबळी लोकरीची, सामायिकाचे कटासणे लोकरीचे. मेंढी कातरली जाते आणि जगते, पुढच्या वर्षी पुन्हा कातरली जाते. रेशीम आणि चामडे यांचा हिशेब याहून अगदी वेगळा आहे. असे असले तरी सायकलच्या दुकानात मिळणारी मऊ मेरिनो लोकर म्हणजे आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर नव्हे. मेरिनो मेंढीच्या कातडीला सुरकुत्या फार. शेपटीखाली माश्या अंडी घालू नयेत म्हणून ऑस्ट्रेलियात कोकरांच्या मागच्या भागाची कातडीच कापून काढण्याची पद्धत पडली. न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. म्हणून मेरिनो घेणाऱ्याने लोकर कुठली आणि ती या प्रकाराशिवाय मिळविलेली आहे का, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. गृहस्थांच्या घरी जुना हाताने विणलेला बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर होता. त्यांनी नवा घेतला नाही. लोकरीचा गुण त्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे: कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल सहज धरतो, लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास, तरी लोकर ओली लागत नाही. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. कापसाचा व्यापार करणाऱ्याला हे कबूल करणे जड जाते, पण चढावर घामाने भिजलेला सुती सदरा उतारावर बर्फासारखा लागतो आणि पॉलिएस्टरचा पातळ सदरा दहा मिनिटांत सुकतो.

पॉलिएस्टर निर्दोष आहे असे मात्र समजू नये. ते खनिज तेलापासून बनते, आणि फ्लीससारखे केसाळ पॉलिएस्टर धुतले की त्याचे सूक्ष्म तंतू पाण्याबरोबर गटारात व तेथून नदीत जातात. पाण्याचा थेंब घरंगळावा म्हणून जॅकेटांवर वर्षानुवर्षे फ्लोरीनयुक्त रसायनांचा हात फिरविला जात असे. ती रसायने निसर्गात विरघळत नाहीत म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत त्यांच्यावर निर्बंध आणले. आता ‘फ्लोरीनविरहित’ असे छापलेली जॅकेटे मिळतात. त्यांच्यावरून पाणी जरा लवकर मुरते, पण पुण्याच्या पाच किलोमीटरला तेवढे पुरते. पूर्ण निर्दोष असे वस्त्र बाजारात नाही. कमी दोषाचे शोधायचे, कमी संख्येने घ्यायचे आणि फाटेपर्यंत वापरायचे, यालाच आपल्याकडे जयणा म्हणतात.

थंडीचा प्रश्न शेवटी फार थोडक्यात सुटला. सकाळी उतारावर जी थंडी वाजते ती वाऱ्याची असते. वारा अडला की आतला स्वेटर पुरतो. त्यासाठी गृहस्थांनी पातळ नायलॉनचे साधे विंडचीटर घेतले. घेताना दुकानात कापड ओठांशी धरून त्यातून फुंकर मारून पाहिली. फुंकर पलीकडे गेली नाही. डेनियर म्हणजे ९,००० मीटर सुताचे ग्रॅममधले वजन. जितका आकडा लहान तितके सूत बारीक. त्यांनी वीस डेनियरचे घेतले, जे घडी करून खिशात जाते. पाठीवर जाळीची पट्टी आहे, त्यामुळे छातीवर वारा अडतो आणि पाठीतून वाफ निघते. रात्री चढाला लागताना साखळी पोटापर्यंत उघडायची, अर्ध्यावर आल्यावर काढूनच ठेवायचे. मागची बाजू लांब, पुढची आखूड, हात लांब, हे सायकलच्या जॅकेटाचे तीन गुण त्यात होते. माणूस पुढे वाकला की साध्या जॅकेटाची पाठ वर चढते आणि कंबर उघडी पडते. ज्यांना कंबरदुखी आहे त्यांनी एवढी एक गोष्ट तरी पाहून घ्यावी.

पावसाने मात्र त्यांना दोन वर्षे घेतली. येथे थोडा हिशेब मांडणे भाग आहे.

पाणी अडविणे ही जुनी विद्या आहे. १८२३ मध्ये मॅकिन्टॉश या स्कॉटिश रसायनज्ञाने दोन कापडांच्या मधे रबराचा थर घालण्याचे पेटंट घेतले. त्याच्या कोटातून पाणी आत येत नसे आणि घाम बाहेर जात नसे. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना टेफ्लॉनच्या जातीचे एक प्लॅस्टिक झटक्यात ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पाडता आली. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, पण वाफ जाते. १९७० च्या दशकात त्या पडद्याची गोर-टेक्स नावाची जॅकेटे निघाली आणि ‘श्वास घेणारे कापड’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. आज चिठ्ठीवर दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये: कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर ते गळू लागते. १०,००० म्हणजे दहा मीटर. रिमझिमीला त्याच्या दशांशही चालेल. बहुतेक जॅकेटे गळतात ती कापडातून नव्हे, शिवणीच्या भोकांतून, म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटविलेली आहे का ते पाहावे. दुसरा आकडा ग्रॅममध्ये: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती वाफ बाहेर जाते.

गृहस्थांनी हा दुसरा आकडा घेऊन जमाखर्च मांडला. पायडल मारताना शरीर जेवढी शक्ती खर्च करते तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकाला मिळतो. उरलेली उष्णता होते. चढावर चाकाला १०० वॅट द्यायचे तर ३०० वॅट अंगात तापतात. ती उष्णता फक्त घामानेच बाहेर टाकायची म्हटले तर तासाला चारशे ग्रॅमहून अधिक घामाची वाफ व्हावी लागते. ही झाली आवक. जॅकेटाच्या चिठ्ठीवर १०,००० ग्रॅम लिहिले आहे. त्याला चोवीसने भागले तर तासाला सुमारे ४१६. जावक बरोबर, वही जुळली. पण तो आकडा प्रयोगशाळेतला. वाफ आपण होऊन बाहेर जात नाही. आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पाच्या दाबात फरक असेल तेवढीच जाते. दहा अंशांच्या कोरड्या थंडीत हा फरक मोठा असतो. श्रावणात पुण्याची हवा पंचवीस अंशांची आणि नव्वद टक्के ओली. तेव्हा तो फरक जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे जावक निम्मी आणि आवक तीच. उरलेला घाम आतच साचतो. हॉलंडच्या मार्च महिन्यात मुलीला जे जॅकेट उत्तम वाटते तेच पुण्याच्या श्रावणात वडिलांना आतून भिजवते, याचे कारण एवढेच. महाग जॅकेट घेऊन माणूस शेवटी ओलाच घरी येतो आणि कंपनीला दोष देतो.

याचे उत्तर मावळातल्या भातखाचरांत फार पूर्वी सापडलेले आहे. आवणीच्या वेळी बायका डोक्यावरून पाठीवर इरले घेतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे आच्छादन. वरून पाणी घरंगळते आणि खालून, पुढून सगळे मोकळे. दिवसभर वाकून श्रम करणाऱ्या माणसाला हवा लागते हे ज्याने कुणी पहिले इरले बांधले त्याला माहीत होते. सायकलचे इरले म्हणजे केप. गळ्यातून घालायची सैल झूल, पुढचे टोक हँडलवर टाकायचे, आत दोन फासे असतात त्यांत अंगठे अडकवायचे, मागचे टोक बैठकीच्या मागे सोडायचे. मांड्याही कोरड्या राहतात आणि खालून हवा खेळते. कापड श्वास घेणारे नसले तरी चालते, त्यामुळे किंमत उतरते. दोष एकच, पण तो गंभीर आहे: सोसाट्याच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगते. म्हणून वळवात केप घालू नये. वळवाला खरे उत्तर वस्त्राचे नाहीच. कुणाच्या तरी दुकानाच्या वळचणीला अर्धा तास थांबायचे. चातुर्मासात साधु-साध्वी पाऊस पडत असताना गोचरीलाही बाहेर पडत नाहीत. गृहस्थाला पेढी उघडायची असते, तेवढे त्याला शक्य नाही. पण मुसळधार पावसात थांबणे त्याच्याही हातात असते.

केपेइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे मडगार्ड. जुन्या काळ्या सायकलींना दोन्ही चाकांवर पत्र्याची पूर्ण मडगार्ड असत. नव्या गिअरच्या सायकली शोभेसाठी ती काढून विकतात, आणि मग मागच्या चाकाने उडविलेल्या चिखलाची रेघ पाठीवर उमटते. अनेकांना वाटते की आपल्याला अधिक चांगले जॅकेट हवे. त्यांना काही शे रुपयांचे मडगार्ड हवे असते.

रंगाबाबत एक बारीक गोष्ट. सायकलस्वाराने झळाळता पिवळा घालावा असे सर्वत्र सांगतात, आणि दिवसा तो लांबून दिसतो हे खरे. गृहस्थांचे पहिले विंडचीटर तसेच होते. ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, त्यावर हिरवट-काळे बारीक कीटक येऊन बसू लागले. कापडाच्या ओलसर पृष्ठभागाला चिकटून मरतही. शेतकरी किडीसाठी पिवळे चिकट सापळे लावतात ते याच कारणाने: अनेक बारीक किडी पिवळ्याकडे धावतात. अंगावर सापळा घालून हिंडणे त्यांना मानवेना. त्यांनी ते विंडचीटर पिवळ्याऐवजी नारिंगीशी बदलून घेतले. नारिंगीही उजेडात चांगला उठतो. रात्री मात्र या झळाळत्या रंगांचा उपयोग नाही, कारण त्यांची झळाळी सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांवर चालते. अंधारात मोटारीचा दिवा परतविणारी चंदेरी फीतच दिसते. चौविहार करून सूर्यास्तानंतर घरी परतणाऱ्याला तीच उपयोगाची.

वाळविण्याची गोष्ट घरातल्या बायकांनी अधिक चांगली सांगितली असती. ओली केप घडी करून पिशवीत ठेवली की दोन दिवसांत तिच्यावर बुरशी धरते. इतर घरांत हा वासाचा प्रश्न असतो. आपल्या घरांत लीलफूग धरली की ते वस्त्र हातात घ्यायचे कसे असा प्रश्न पडतो, कारण तिथे अनंत जीव मानलेले आहेत. म्हणून पेढीवर पोहोचताच केप झटकून मोकळ्या खुंटीवर, पंख्याच्या वाऱ्यात. त्याने अस्तराचा लेपही टिकतो. दमट जागी कोंडून ठेवलेल्या जॅकेटाचा आतला लेप काही वर्षांत चिकट होऊन सोलवटतो. धुताना साबण थोडा, खळखळून निथळलेला; साबणाचा अंश राहिला की पाणी घरंगळणे थांबते. वास येणारे मऊपणाचे द्रव अजिबात नको.

आणि किंमत. व्यापाऱ्याने वस्तूची किंमत वापराच्या दिवसांनी भागून पाहावी. समजा, ८,००० रुपयांचे ‘सर्व ऋतूंचे’ जॅकेट पाच वर्षे टिकले, पण पुण्याच्या हवेत ते वर्षातून चाळीस दिवसच अंगावर आले. दिवसाला चाळीस रुपये पडले. २,००० रुपयांचे विंडचीटर चार वर्षे, वर्षाला दीडशे दिवस. दिवसाला साडेतीन रुपयांच्या आत. घसारा दोन्हींचा होतो, पण कपाटात लटकलेल्या वस्तूचा घसारा अधिक बोचतो. ‘सर्व ऋतूंचे’ असे लिहिलेले जॅकेट बहुधा कोणत्याच ऋतूचे नसते, हे मत काहींना टोकाचे वाटेल. पुण्यापुरते ते खरे आहे.

असे वर्षभराच्या सायकलीला दोन वस्त्रे पुरली: नारिंगी विंडचीटर आणि राखाडी केप. एका दिवशी सहसा एकच लागते, त्यामुळे सकाळच्या नियमात वस्त्रांची संख्या एकानेच वाढते.

मुलगी पुढच्या दिवाळीला आली तेव्हा तिने येण्यापूर्वी आठवडाभर आधी एका वस्तूच्या चिठ्ठीचे छायाचित्र वडिलांना पाठविले. पॉलिएस्टरची पट्टी, तिच्यावर काचेचे सूक्ष्म मणी. प्रकाश परतविणाऱ्या चंदेरी फितीचे एक भेंडोळे. “यात काही नाही ना, पप्पा?” असे तिने खाली लिहिले होते. गृहस्थांनी “काही नाही, आण” असे कळविले. भेंडोळ्यावर पाच मीटर छापले होते. पेढीवरच्या पट्टीने मोजले तेव्हा दोन सेंटिमीटर अधिक भरले, याचे त्यांना मोठे समाधान वाटले. बोहरी आळीजवळच्या शिंप्याकडून त्यातली फीत विंडचीटरच्या पाठीवर आणि केपेच्या खालच्या काठाला शिवून घेतली. उरलेल्या तुकड्यांचे दोन घोटपट्टे केले, कारण पायडलबरोबर वर-खाली होणारी चमक मोटारवाल्याच्या नजरेत सर्वांत आधी भरते. हे घोटपट्टे वस्त्रांत धारायचे की नाही यावर थोडा विचार झाला. सध्या ते दोन्ही मिळून एक धारतात.